चोपड्याच्या शाळेत चिनी भाषा? जरूर, पण बेताने

चोपडा तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या आठवी-नववीला इतिहास-भूगोल शिकवतात. त्यांचा एक माजी विद्यार्थी चीनमध्ये डॉक्टरकी शिकून परत आला. स्नेहसंमेलनाला तो पाहुणा म्हणून आला, तेव्हा मुलांनी त्याला सोडलंच नाही. आकडे म्हणून दाखवा, माझं नाव लिहून दाखवा, तिकडे भाकरी मिळते का. तेव्हापासून आठवीचा वर्ग बाईंच्या मागे लागला आहे: आम्हाला चिनी शिकवा. बाईंनाही मनापासून वाटतं, की शाळेत चिनी भाषेची आणि तिथल्या जगण्याची ओळख सुरू करावी. पण संस्थेचे चेअरमन, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, ते म्हणाले, "ज्यांच्याशी आपली पोरं सीमेवर लढली त्यांची भाषा आपल्या शाळेत कशाला?" मुख्याध्यापकांचं म्हणणं, आधी इंग्रजीचा निकाल सुधारा. पालक विचारतात, याने नोकरी लागेल का? आणि शहरातला एक खासगी क्लासवाला शाळेतच फी घेऊन, प्रमाणपत्रासकट कोर्स चालवायला तयार आहे. बाई विचारतात, करू की नको? करायचं तर कसं करू?

ताई, करा. आठवीसाठी, आठवड्याला दोन तासिका, बिनगुणांच्या, बिनफीच्या. एवढंच मागा आणि एवढंच घ्या. त्याहून मोठं काही आज मागाल तर ते दिवाळीच्या आत बंद पडेल, आणि मग पुढची दहा वर्षं कोणी तुमच्या शाळेत नव्या भाषेचं नाव काढणार नाही.

आधी अप्पांचं बोलू, कारण त्यांचा आक्षेप खोटा नाही. १९६२ विसरायचं कारण नाही. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले, हे मुलांनाही माहीत आहे. तुमच्या गावातल्या एखाद्या घरातला मुलगा आज लडाखमध्ये उभा असेल. म्हणून अप्पांना "राजकारण वेगळं, संस्कृती वेगळी" असं गुळगुळीत काही सांगू नका, त्यांना ते पटणार नाही आणि मलाही पटत नाही. त्यांना सांगा, की आपल्या सैन्यालाच चिनी जाणणारी माणसं लागतात. सीमेवरच्या बैठकांत समोरचा काय म्हणाला हे आपल्या माणसाने आपल्या कानांनी ऐकावं लागतं. त्यासाठी प्रादेशिक सेनेने चिनी भाषेचे दुभाषी मुद्दाम घेतले. ज्या शेजाऱ्याशी भांडण आहे त्याची भाषा घरात कोणालाच येऊ नये, हा कसला शहाणपणा?

आणि मग त्यांना सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची आठवण करून द्या. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा, १९३८ मध्ये, पाच भारतीय डॉक्टरांचं पथक मदतीला गेलं, त्यात ते होते. तिथे ते चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, त्या भाषेत रुग्ण तपासले, तिथल्या मुलांना वैद्यक शिकवलं, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. आजही चीनमध्ये त्यांचं स्मारक जपलेलं आहे. परक्या मुलखात मराठी माणसाची इतकी इज्जत फार थोड्या ठिकाणी आहे, आणि ती त्यांनी तिथल्या माणसांशी त्यांच्याच भाषेत बोलून मिळवली. अप्पांच्या पिढीला कोटणीस माहीत असतात. तुम्ही नुसतं नाव काढा, बाकीचं ते स्वतःच सांगतील.

मुख्याध्यापकांना मात्र वेगळं उत्तर द्यावं लागेल. इंग्रजीची एकही तासिका घेणार नाही, असं लेखी द्या. शनिवारची सकाळची शाळा आणि मधला एखादा मोकळा तास, एवढ्यात बसवा. पाचवीपासून का नाही, असं कोणी विचारलं तर सांगा, की चिनीचे उच्चार रोमन लिपीत लिहायची जी पद्धत आहे, १९५८ पासूनची, पिनयिन नावाची, तिच्यात अक्षरं इंग्रजीचीच पण आवाज वेगळे. ज्या मुलाची इंग्रजी मुळाक्षरंच अजून डळमळीत आहेत त्याचा गोंधळ उडेल. आठवीत तो उडत नाही. शिवाय सध्या भाषेच्या ओझ्यावरून पालक आधीच धास्तावलेले आहेत. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून केवढा गदारोळ झाला आणि २९ जून २०२५ ला सरकारने आपलेच निर्णय मागे घेतले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. तुमचा वर्ग ऐच्छिक आहे, हे पहिल्या ओळीत लिहा.

पालकांशी फार स्वच्छ बोला. अमेरिकेची परराष्ट्र सेवा संस्था आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना चिनी शिकवते, तिचा हिशेब आहे २२०० तासांचा. तुमच्या दोन तासिका, पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या, वर्षातले तीस आठवडे धरले तरी जेमतेम ३५ तास होतात. त्यात मूल नमस्कार-चमत्कार, आकडे, घरची माणसं, बाजारातलं बोलणं आणि चाळीस-पन्नास चित्राक्षरं शिकेल. नोकरी मिळत नाही त्याने. पण पुढे जे मूल वैद्यकीय शिक्षणासाठी किंवा व्यापारासाठी तिकडे जाईल ते कोऱ्या पाटीने जाणार नाही. आपल्याकडून चीनला डॉक्टर व्हायला गेलेल्या मुलांना विचारा. व्याख्यान इंग्रजीत होतं, पण खाटेवरचा रुग्ण "कुठे दुखतं" ते चिनीतच सांगतो, आणि तेव्हा धावपळ होते. तुमच्या माजी विद्यार्थ्याला पालकसभेत हेच सांगायला उभं करा. ज्यांना खरोखर हीच वाट धरायची असेल त्यांच्यासाठी दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे, बनारस हिंदू विद्यापीठ आहे, शांतिनिकेतनचं चीना भवन तर १९३७ पासून आहे. हे बारावीनंतरचं झालं. आठवीत फक्त दार दाखवायचं.

त्या खासगी क्लासवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. शाळेच्या खोलीत फी घेतली की ज्यांच्याकडे पैसे नाहीत ती मुलं बाहेर बसतात, आणि तुमच्या तालुक्यात ती कोणती मुलं असतील हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आस्था ज्या गोष्टीची आहे ती आता सांगते, कारण मी आयुष्यभर धुळ्यात भाषा शिकवली आणि खानदेशातली मुलं भाषेच्या तासाला गप्प का बसतात हे जवळून पाहिलं. तुमच्या वर्गात अहिराणी बोलणारी मुलं असतील, लेवा बोली बोलणारी असतील, सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारी पावरी आणि भिली बोलणारी असतील. शाळेत पाऊल टाकलं की घरची बोली दाराबाहेर ठेवायची, हे त्यांना न सांगता कळलेलं असतं. आता चीनकडे पाहा. आपण चिनी म्हणतो ती तिथली शाळेची प्रमाण भाषा. क्वांगचौच्या मुलाच्या घरी कँटोनीज असते, शांघायच्या आजीची बोली आणखी निराळी, हक्का वेगळी. एकमेकांची बोली त्यांना कळत नाही. २०२० च्या सुमारास चीन सरकारनेच सांगितलं, की देशातले सुमारे ८० टक्के लोक प्रमाण भाषा बोलू शकतात. म्हणजे तिथेही कोट्यवधी माणसं अशी आहेत जी घरी एक आणि कचेरीत दुसरं बोलतात, किंवा दुसरं बोलूच शकत नाहीत.

म्हणून पहिल्या दिवशी चिनी शिकवूच नका. एक मोठा कागद भिंतीवर लावा. रकाने पाडा: अहिराणी, पावरी, लेवा बोली, मराठी, आणि शेवटचा रकाना चिनी, रिकामा. आई, पाणी, घर, भूक, ये, जा, ऊन, पाऊस. मुलांनी आपापल्या घरचा शब्द स्वतः येऊन लिहायचा. मागच्या बाकावरचा जो पावरा मुलगा वर्षभर तोंड उघडत नाही, तो त्या दिवशी फळ्यापाशी येऊन सगळ्या वर्गाला उच्चार शिकवेल, आणि बाकीच्यांची जीभ वळत नाही म्हणून त्यांना दोनदा-तीनदा म्हणायला लावेल. त्यानंतर चिनी रकाना भरायला घ्या. तोवर वर्गाला कळलेलं असेल, की कोणाचीही भाषा पहिल्यांदा ऐकली की अवघड वाटते आणि ती येणाऱ्या माणसाला मान द्यावा लागतो. चिनीच्या निमित्ताने एवढं झालं तरी तुमच्या ३५ तासांचं मोल झालं, असं मी म्हणेन.

उच्चारांना घाबरू नका. मराठी तोंडाला चिनी जितकी सोपी जाते तितकी इंग्रजी तोंडाला जात नाही. पिनयिनमध्ये 'बी' लिहिलेलं असतं तिथे आवाज आपल्या प चा, 'पी' लिहिलेलं असतं तिथे ओठ मिटून हवा सोडलेल्या फ चा. 'डी' म्हणजे साधारण त, 'टी' म्हणजे थ, 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. प-फ, त-थ, क-ख हा भेद आपलं मूल पहिलीपासून ओळखतं. चिनी राजधानीचं नाव चिनी माणसाच्या तोंडून ऐका, ते बीजिंगपेक्षा पेइचिंगच्या जवळ जातं. चोर, चमचा, चटणी यातला आपला जो दाती च आहे तो तर हिंदी बोलणाऱ्यांनाही नसतो. पिनयिनमधला 'झेड' म्हणजे नेमका तोच. आणि ष उच्चारताना जीभ वळवायचा आळस आपण सगळेच करतो, तो आळस मात्र इथे सोडावा लागेल. पहिला महिनाभर पिनयिनखाली देवनागरी लिहू द्या, मग बंद करा.

सूर चार. मुलं याचीच धास्ती घेतात, कारण नुसता सूर बदलला की 'मा' हा आवाज कधी आई होतो, कधी ताग, कधी घोडा, कधी शिवी देणं. त्यांना एक 'हो' चार प्रकारे म्हणायला लावा. लांबून कोणी हाक मारली तर एका पट्टीत ताणलेला 'होऽ'. खरं वाटत नसताना विचारलेला, वर चढणारा 'हो?' काम सांगितल्यावर नाखुशीने, खाली दबून येणारा 'हो'. आणि वैतागून तोडलेला 'हो!' हे चार जमले की सुरांची कल्पना आली. पुढचं कान करतो, म्हणून तुमच्या माजी विद्यार्थ्याकडून प्रत्येक धड्याचं ध्वनिमुद्रण करून घ्या आणि जमल्यास जिची मातृभाषाच चिनी आहे अशा व्यक्तीचं मुद्रण त्याला मिळवायला सांगा. तो अस्खलित बोलत असेल, पण शिकवण्याचं शिक्षण त्याने घेतलेलं नाही. धडा तुम्ही आखायचा, त्याने बोलायचं. त्याच्या येण्याजाण्याचा खर्च आणि थोडं मानधन संस्थेकडून मागून घ्या, फुकट राबवू नका.

गणिताच्या सरांना सोबत घ्या. चिनी आकडे म्हणजे एक ते दहा पाठ केले की नव्याण्णवपर्यंत सगळे आले. तीन म्हणजे सान, दहा म्हणजे षि, आठ म्हणजे पा. अडतीस म्हणजे सान-षि-पा, तीन-दहा-आठ. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'तीस आठ' अशी वाचायची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता! त्या वादात कोणाचं बरोबर होतं हे आठवीच्या मुलांनाच ठरवू द्या. जी मुलं एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत अजून अडखळतात ती यावर फार तावातावाने बोलतील.

लिहायला वह्या-ब्रश विकत घ्यायची गरज नाही. चीनमधल्या बागांत सकाळी म्हातारी माणसं लांब दांड्याचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढतात. वाळलं की पुसलं गेलं, पुन्हा नवीन. आपल्या उन्हात तर ओळ संपायच्या आत पहिलं अक्षर वाळेल. व्हरांड्यात बादली ठेवा, काठीला चिंधी बांधा. झाडाचं अक्षर घ्या: आधी आडवी रेघ, मग उभी, मग डावीकडे आणि उजवीकडे उतरणाऱ्या दोन तिरप्या. दोन झाडं शेजारी काढली की राई, तीन रचली की अरण्य. रेघांचा क्रम मोडू देऊ नका. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी नंतर. हात त्या क्रमाने चालला की अक्षर लक्षात राहतं.

संस्कृतीचं म्हणाल, तर 'चायना डे' करू नका. कागदी टोप्या, डोळे ताणून काढलेले फोटो आणि मंचुरियनचा स्टॉल, यात चीन कुठेच नसतो. मंचुरियनचं श्रेय तर मुंबईतले चिनी वंशाचे भारतीय आचारी नेल्सन वाँग यांना दिलं जातं. तो पदार्थ आपला आहे. एक गोष्ट कडक ठेवा: डोळ्यांवरून, चेहऱ्यावरून चिडवाचिडवी चालणार नाही. हीच मुलं उद्या पुण्याला शिकायला जातील आणि मणिपूर-नागालँडच्या मुलींना रस्त्यात तेच शब्द ऐकवतील. नववीच्या मुलांना तुम्ही हेही सांगू शकता, की १९६२ च्या युद्धानंतर आसाम-बंगालमधल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. त्यात इथेच जन्मलेली माणसंही होती. इतिहासाच्या बाईंनी हे टाळू नये.

त्याऐवजी पंचांग उघडा. चिनी पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि सूर्याशी मेळ घालायला त्यातही अधिक महिना येतो. त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला घरची माणसं एकत्र बसून चंद्र पाहतात आणि सारण भरलेल्या गोल वड्या वाटून खातात. २०२५ मध्ये ती पौर्णिमा आणि आपली कोजागिरी एकाच रात्री आली, ६ ऑक्टोबरला. दर वर्षी असं का होत नाही, हे मुलांना दोन्ही पंचांगं समोर ठेवून शोधू द्या. आखाजीलाही, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, असंच जमेल. आपण घागर भरून पितरांची आठवण करतो आणि पोरी झोके घेतात. चीनमध्ये ४-५ एप्रिलच्या सुमारास छिंगमिंगच्या सणाला लोक पूर्वजांच्या कबरी झाडतात, तिथे खायला ठेवतात आणि पोरं पतंग उडवतात. मुलांनी आपल्या आजीला आखाजीची गाणी विचारून लिहून आणायची, हा त्या आठवड्याचा गृहपाठ.

आणि सहल अजिंठ्याला. जळगावहून साठेक किलोमीटर, मुलं कदाचित आधीही गेली असतील. पण या वेळी युआन श्वांगचं वर्णन वाचून न्या. हा चिनी भिक्षू सातव्या शतकात नालंदाला राहून शिकला, ६४१ च्या सुमारास पुलकेशी दुसऱ्याच्या राज्यात आला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी परतला. इथल्या माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे: साधी, प्रामाणिक, मानी, उपकार न विसरणारी आणि अपमान तर मुळीच न विसरणारी. अप्पांना हे वाक्य आवडेल. पूर्वेच्या डोंगरातल्या अंधाऱ्या दरीत एक विहार आहे आणि त्याच्या दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, असंही तो लिहितो. हे वर्णन अजिंठ्याचंच, असं अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी ते हत्ती आजही आहेत. तिथे मुलांना थांबवून तो उतारा मोठ्याने वाचायला लावा.

दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी राहिल्या. चीनमधून आलेलं कोणतंही पुस्तक किंवा भित्तिपत्रक लावण्याआधी त्यातला नकाशा बघा. त्यांच्या नकाशांत अरुणाचल आणि अक्साई चीन त्यांचे दाखवलेले असतात, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा छापणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. भिंतीवर सर्वेक्षण विभागाचाच नकाशा लावा आणि वाद काय आहे तो मुलांना सरळ सांगा. परदेशी संस्थेने पैसे किंवा साहित्य देऊ केलं तर घेऊ नका. २०१० च्या परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी नसताना ते संस्थेच्या अंगाशी येईल. तिकडच्या मुलांशी पत्रमैत्रीची कल्पना छान आहे, पण त्यांचं वुईचॅट २०२० पासून आपल्याकडे बंद आहे, आणि अनोळखी माणसांशी मुलांचा थेट संपर्क तुम्हीही होऊ देणार नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात परकीय भाषांची जी उदाहरणं दिली आहेत त्यात आधीच्या मसुद्यातली चिनी वगळली होती. मनाई केलेली नाही, पण कोणीतरी हे तुमच्यापुढे टाकेल, तेव्हा माहीत असलेलं बरं.

आता अर्ज लिहा, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत. एक पान पुरे: ऐच्छिक, बिनफी, इयत्ता आठवी, आठवड्याला दोन तासिका, बाहेरचा पैसा नाही, खर्च म्हणजे एका माणसाचं मानधन आणि अजिंठ्याची एसटी. मुदत एक वर्ष, एप्रिलमध्ये पालकांसमोर मुलं काय शिकली ते दाखवणार आणि पुढचं तेव्हा ठरवणार. खाली आठवीच्या वर्गाला सह्या करू द्या, ज्याला ज्या लिपीत करायची त्या लिपीत. आणि अप्पांकडे एकट्या जाऊ नका, मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन जा.